मोडलेली वचने, जपलेले कागद

खिशातली दहाची किंवा शंभराची नोट काढून पाहावी. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांच्या सहीजवळ तीवर एक वाक्य छापलेले असते. धारकास तेवढे रुपये अदा करण्याचे ते वचन आहे. आपण ते सहसा वाचत नाही. वाचण्याची गरज पडत नाही, यातच त्या नोटेचे सामर्थ्य आहे. वाण्याच्या गल्ल्यातून ती दूधवाल्याकडे जाते, तेथून शाळेच्या फीच्या खिडकीवर. आणि वाटेत कोणीही ‘हे वचन पाळले जाईल काय?’ असे विचारीत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील सामान्य माणसाला हा प्रश्न दररोज विचारावा लागे. त्याच्या हाती येणारी नोट सरकारची नसे. ती कुठल्या तरी गावच्या बँकेची, कालवा खोदणाऱ्या किंवा रेल्वे बांधणाऱ्या कंपनीची, एखाद्या नगरपालिकेची, नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराची असे. त्यांतील असंख्य वचने मोडली. ते कागद आज तेथील संग्राहक पारदर्शक पाकिटांत घालून जपतात. बँकांच्या अशा नोटांना ते ‘ऑब्सोलीट’ म्हणजे चलनबाह्य म्हणतात. दुकानदारांनी आणि कंपन्यांनी काढलेल्या चिठ्ठ्यांना ‘स्क्रिप’ असे नाव आहे.

दूरदेशीच्या या रद्दीशी आपणांस काय कर्तव्य, असे वाचक विचारतील. आम्हांस वाटते, विश्वास कोणी कोणावर ठेवला, तो कसा मोडला आणि त्याची किंमत अखेर कोणी मोजली, हे या कागदांवर जितके स्पष्ट दिसते तितके इतिहासाच्या ग्रंथांतही क्वचित दिसते. म्हणून हा थोडा विस्तार.

राज्यघटनेतील फट

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा मोठा भार कागदाने वाहिला. १७७५ पासून तेथील काँग्रेसने ‘काँटिनेंटल’ नावाच्या नोटा काढल्या. पाचएक वर्षांत त्यांचा आकडा २४ कोटी डॉलरांच्या घरात गेला. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता, आणि या नोटांमागे ठेवण्यास पुरेसे सोने वा चांदी नव्हती. त्यांचे मोल इतके घसरले की कवडीमोलाच्या वस्तूस काँटिनेंटलची उपमा देण्याची रीत इंग्रजी भाषेत पडली. १७९० मध्ये नव्या सरकारने त्या रोख्यांत बदलून देण्याचे ठरविले, पण शंभरास एक या दराने. तोवर कित्येक मूळ धारकांनी त्या मिळेल त्या भावात विकून टाकल्या होत्या.

या अनुभवाने पोळलेल्या नेत्यांनी १७८७ च्या राज्यघटनेत कलम घातले की कोणत्याही घटक राज्याने कागदी चलन काढू नये. पण राज्याने काढू नये, म्हणजे राज्याने सनद दिलेल्या खाजगी बँकेनेही काढू नये असे होते काय? व्यवहाराने ‘नाही’ असे उत्तर दिले आणि १८३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंटकी राज्याच्या बँकेच्या खटल्यात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने सनद दिलेली एक बँक १७९१ ते १८११ आणि दुसरी १८१६ ते १८३६ या काळात होती. दुसरीच्या सनदेची मुदत वाढविणाऱ्या विधेयकास राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १८३२ मध्ये संमती नाकारली. मग लगाम उरला नाही. १८६० च्या सुमारास दीड हजारांहून अधिक बँका होत्या आणि त्यांच्या खऱ्या नोटांचेच सुमारे ७,००० प्रकार चलनात होते. खोट्यांची गणती वेगळी.

दुकानदार आणि त्याचे पंचांग

नोटेवरचे वचन साधे असे: हा कागद घेऊन जो कोणी बँकेच्या खिडकीशी येईल त्याला मागताक्षणी सोन्याचांदीचे नाणे मिळेल. बँक जवळची असली तर चिंता नव्हती. पण ओहायोतील एखाद्या खेड्याची नोट न्यूयॉर्कच्या दुकानात आली की दुकानदार विचारात पडे. ही बँक कोठे आहे? तेथवर जाण्यास किती दिवस लागतात? ती अजून उघडी तरी आहे काय? मग आपल्याकडील सराफ वटाव कापीत, तसा तो वटाव कापून घेई. गावापासून नोट जितकी दूर जाई तितकी ती झिजे. कागदाने नव्हे, मोलाने.

हा वटाव सांगणारी नियतकालिके निघू लागली. त्यांत न्यूयॉर्कच्या जॉन थॉमसन यांचे १८४२ मध्ये सुरू झालेले ‘बँक नोट रिपोर्टर’ फार प्रसिद्ध होते. त्यात बँकांची नावे, प्रत्येकीच्या नोटेवरील वटाव आणि बाजारात आलेल्या खोट्या नोटांच्या खुणा दिलेल्या असत. आपल्या घरी पंचांग असते तसे ते दुकानाच्या गल्ल्यापाशी असे, आणि गिऱ्हाईकासमोरच त्याची पाने उलटली जात. याच थॉमसन यांनी पुढे १८७७ मध्ये चेस नॅशनल बँक स्थापिली. ‘जेपी मॉर्गन चेस’ या बँकेच्या नावात ती आजही टिकून आहे.

ज्याच्याकडे असे पंचांग नव्हते त्याचे काय? शेतमजूर, शिवणकाम करणारी विधवा, नुकताच जहाजातून उतरलेला आयरिश वा जर्मन निर्वासित यांच्या हाती मजुरी म्हणून जी नोट पडे ती ते घेत. व्यापारी शंकास्पद नोट लवकर खर्चून टाकी. ती उतरंडीवरून खाली येत येत ज्याला निवड नव्हती त्याच्यापाशी थांबे. बँक बुडाली की अखेरचा धारक बुडे.

छियांशी डॉलर

बँक बुडण्याची अमेरिकेतील पहिली मोठी घटना १८०९ मधली. ऱ्होड आयलंड राज्यातील ग्लॉस्टर या गावात ‘फार्मर्स एक्स्चेंज बँक’ होती. बॉस्टनच्या अँड्र्यू डेक्स्टर या धाडसी गृहस्थाने ती आपल्या ताब्यात घेतली. बॉस्टनमध्ये त्याला सात मजल्यांचे ‘एक्स्चेंज कॉफी हाऊस’ उभारावयाचे होते, आणि त्यासाठी लागणारा पैसा त्याने या खेड्यातील बँकेच्या नोटा छापून उभा केला. बँकेच्या खजिनदाराने नोटांवरील सह्या रात्री कराव्यात, म्हणजे कोणास संशय येणार नाही, अशी त्याची सूचना होती. बँक कोसळल्यावर चौकशी झाली, तेव्हा काही लाख डॉलरांच्या नोटांपुढे तिजोरीत निघाले ८६ डॉलर आणि वर काही सेंट. ती भव्य इमारतही १८१८ मध्ये आगीत भस्मसात झाली.

दुसरे उदाहरण मिशिगनचे. १८३७ च्या तेथील कायद्याने ठराविक अटी पाळणाऱ्या कोणासही बँक काढण्याची मुभा दिली. भांडवलाचा काही हिस्सा नाण्यांच्या रूपाने तिजोरीत असलाच पाहिजे, अशी एक अट होती. तपासनीस येण्याच्या आधी नाण्यांच्या पेट्या घोडागाडीने एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पोहोचत. तीच चांदी तपासनिसाला गावोगाव भेटे. काही पेट्यांत वर नाण्यांचा थर आणि खाली खिळे व काचेचे तुकडे निघाले. कित्येक बँका मुद्दाम आडरानात काढल्या होत्या, जेणेकरून नोट वटविण्यास कोणी येऊच नये. जेथे रानमांजरांखेरीज कोणी फिरकत नाही तेथील म्हणून त्यांना ‘वाइल्डकॅट’ म्हणत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मिशिगन सरोवराच्या काठी ‘सिंगापूर’ असे भव्य नाव घेतलेले एक गाव होते. त्याचीही बँक होती. बँक तर गेलीच. पुढे भोवतालचे जंगल तोडून झाल्यावर वाळूच्या टेकड्या सरकत आल्या आणि गावही त्यांखाली गाडले गेले. आता त्या गावाचे अस्तित्व सांगण्यास ज्या थोड्या वस्तू उरल्या, त्यांत ‘बँक ऑफ सिंगापूर’च्या नोटा आहेत.

तथापि, न्यायाने बोलायचे तर सर्वच बँका अशा नव्हत्या. बॉस्टनच्या सफोक बँकेने १८२० च्या दशकापासून १८५८ पर्यंत न्यू इंग्लंडमधील खेड्यापाड्यांच्या बँकांच्या नोटा पूर्ण किमतीत वटविण्याची व्यवस्था चालविली, आणि त्या प्रदेशात वटावाचा जाच बराच कमी झाला. १९८० च्या दशकात आर्थर रोलनिक आणि वॉरन वेबर या अर्थशास्त्रज्ञांनी जुने हिशेब तपासून दाखविले की त्या युगातील एकूण नुकसान लोककथांत रंगविले जाते त्याहून कमी होते. आम्ही हे आवर्जून नमूद करतो, कारण खिळ्यांच्या पेटीची गोष्ट रंजक असते आणि प्रामाणिकपणे चाललेल्या बँकेची गोष्ट सांगण्याजोगी होत नाही.

कोरीव चित्रांचे मौन

संग्राहकाला या नोटांचे वेड लागते ते बहुधा प्रथम डोळ्यांमुळे. जेकब पर्किन्स यांनी पोलादी ठशांवरून कोरीव छपाई करण्याची पद्धत विकसित केली. १८१९ मध्ये ते इंग्लंडला गेले, आणि जगातील पहिले टपाल तिकीट ‘पेनी ब्लॅक’ १८४० मध्ये त्यांनीच उभारलेल्या कंपनीने छापले. नोटांसाठी ठसे कोरणारे ॲशर ड्युरँड पुढे निसर्गचित्रकार म्हणून नावारूपास आले. १८५८ मध्ये सात छपाई कंपन्या एकत्र येऊन ‘अमेरिकन बँक नोट कंपनी’ झाली.

या नोटांवर काय नाही? वॉशिंग्टन आणि फ्रँकलिन आहेत, आगगाडी आणि गलबत आहे, देवमाशाची शिकार आहे, दूध काढणारी गवळण आहे, रोमन देवता आहेत. १८५० च्या दशकातील काही नोटांवर हरणांच्या घसरगाडीतून येणारा सांताक्लॉजही आहे, आणि संत निकोलसचे नाव धारण करणारी एक बँक न्यूयॉर्कमध्ये होती. नाताळच्या दिवसांत या नोटांना संग्राहकांत विशेष मागणी असते.

दक्षिणेकडील राज्यांच्या नोटा मात्र पाहणाऱ्याला थांबवितात. तेथे कापूस वेचणारे, टोपल्या वाहणारे, नांगरणारे कृष्णवर्णीय गुलाम कोरलेले आहेत. चेहरे हसरे, अंगे धष्टपुष्ट. ज्याला स्वतःच्या श्रमाचा एक सेंटही मिळत नव्हता, त्याचे चित्र पैशाची शोभा म्हणून वापरले गेले. कोरणाऱ्याचे कसब उत्तम आहे, आणि तेच अधिक बोचते. दक्षिण कॅरोलायनातील चित्रकार जॉन डब्ल्यू. जोन्स यांनी ही छोटी चित्रे मोठ्या रंगचित्रांत उतरवून मूळ नोटांशेजारी मांडली, तेव्हा तळहाताएवढ्या कागदावर जे नजरेतून निसटत होते ते भिंतीवर टाळता येईना.

१८६१ मध्ये दक्षिणेची राज्ये फुटून निघाली आणि त्यांनी आपल्या पहिल्या नोटा काढल्या त्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी या शहराच्या नावाने. योगायोग असा की या शहराच्या संस्थापकांत ग्लॉस्टरची बँक बुडवून पळालेला तोच अँड्र्यू डेक्स्टर होता. त्याचे नाव तेथील मुख्य रस्त्यास आजही आहे. याच डेक्स्टर मार्गावरील चर्चमध्ये १९५४ पासून मार्टिन ल्यूथर किंग हे पास्टर होते. १८६२ च्या शंभर डॉलरच्या दक्षिणी नोटेवर कापसाच्या शेतात खुरपणारे गुलाम आहेत, आणि दररोज दोन सेंट व्याज देण्याचे वचनही आहे. फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल अपहम या दुकानदाराने या नोटांच्या प्रतिकृती छापून उघडपणे विकल्या. कडेला त्याचे नाव-पत्ता आणि ‘प्रतिकृती’ असा शब्द छापलेला असे. तेवढी पट्टी कापून टाकली की काम झाले. युद्ध संपल्यावर १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने दक्षिणेचे सर्व कर्ज बेकायदा ठरविले. दक्षिणेतील कित्येक घरांतून ते कागद मुलांच्या खेळण्यात गेले.

खुर्द्याचा दुष्काळ

आता दुकानदारांच्या चिठ्ठ्यांकडे वळू. सहा पूर्णांक एक चतुर्थांश सेंट, साडेबारा सेंट असल्या विचित्र रकमा त्यांवर आढळतात. त्याचे कारण असे की अमेरिकेत १८५७ पर्यंत स्पॅनिश चांदीची नाणी कायदेशीरपणे चालत. आपल्या रुपयाचे जसे सोळा आणे, तसे स्पॅनिश डॉलरचे आठ रेआल; म्हणजे एक रेआल साडेबारा सेंटांचा आणि अर्धा सव्वासहाचा. अर्थव्यवस्था कोसळली की लोक नाणी दडवून ठेवीत आणि बाजारात खुर्दा मिळेनासा होई. मे १८३७ मध्ये न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणी देणे थांबविले, आणि पाठोपाठ इतरत्रही तसेच झाले. मग न्हावी, पाववाला, खानावळवाला, नगरपालिका, जो तो आपापल्या चिठ्ठ्या छापू लागला. लोक त्यांना ‘शिनप्लास्टर’ म्हणत, म्हणजे नडगीच्या जखमेवर डकविण्याचा कागद.

या चिठ्ठ्यांवरचा मजकूर बारकाईने वाचावा. पुष्कळ ठिकाणी असे छापलेले आढळते की एक डॉलर भरतील एवढ्या चिठ्ठ्या एकत्र आणल्यास चालू बँकनोटांत रक्कम मिळेल. म्हणजे हे वचन पैसे देण्याचे नाही. दुसऱ्या कोणाचे तरी वचन हाती देण्याचे आहे. तरीही गावाने ते स्वीकारले, कारण पाववाला ओळखीचा होता. त्याचे दुकान उद्याही तेथेच असणार होते.

यादवी युद्धात हा दुष्काळ पुन्हा आला. डिसेंबर १८६१ च्या अखेरीस बँकांनी नाणी देणे बंद केले, आणि १८६२ च्या उन्हाळ्यापर्यंत साधा खुर्दाही अदृश्य झाला. लोक टपाल तिकिटांनी व्यवहार करू लागले. पाठीमागे डिंक असल्याने ती घामेजल्या हातात चिकटत. जॉन गॉल्ट नावाच्या उद्योजकाने तिकीट पितळी चकतीत बसवून वर अभ्रकाचे झाकण लावण्याची युक्ती काढली आणि ऑगस्ट १८६२ मध्ये तिचे पेटंट घेतले. चकतीच्या मागे व्यापाऱ्याची जाहिरात. या चकत्या आज संग्राहकांच्या अत्यंत आवडीच्या आहेत. १७ जुलै १८६२ च्या कायद्याने एक डॉलरखालील खाजगी चिठ्ठ्यांना बंदी केली, आणि सरकारने तिकिटांची चित्रे असलेल्या छोट्या नोटा काढल्या. पहिल्या नोटांच्या कडांना तिकिटांसारखी भोकेही होती. पुढील एका मालिकेत पाच सेंटच्या नोटेवर छपाई खात्याचे प्रमुख स्पेन्सर क्लार्क यांनी स्वतःचीच छबी छापली. काँग्रेस संतापली, आणि १८६६ मध्ये हयात व्यक्तीचे चित्र चलनावर छापण्यास मनाई करणारा कायदा झाला.

याच युद्धाने जुन्या बँकनोटांचा शेवट केला. १८६२ मध्ये केंद्र सरकारच्या हिरव्या पाठीच्या नोटा आल्या, १८६३ मध्ये राष्ट्रीय बँकांचा कायदा झाला, आणि मार्च १८६५ च्या कायद्याने राज्य बँकांच्या नोटांवर दहा टक्के कर बसविला. तो पुढील वर्षी अमलात आला, आणि बंदी न घालताही त्या नोटा नाहीशा झाल्या. खोट्या नोटांचा बंदोबस्त करण्यासाठी जुलै १८६५ मध्ये ‘सीक्रेट सर्व्हिस’ हे खाते निघाले. राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाचे काम त्याकडे पुष्कळ नंतर आले.

नाकारण्याची मुभा

बँकांच्या नोटा गेल्या. स्क्रिप मात्र गेली नाही. कोळशाच्या खाणी आणि लाकूडतोडीचे तळ यांवर तिचे एक कठोर रूप वाढले. डोंगरातल्या खाणीजवळ घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, आणि मजुरी कंपनीच्या चिठ्ठीत. ती चिठ्ठी दुसऱ्या दुकानात एक तर चालत नसे, नाही तर वटाव देऊन चाले. पगाराआधी उचल म्हणून चिठ्ठ्या घ्याव्यात, त्या कंपनीच्याच दुकानात जाव्यात, आणि महिनाअखेर वहीत बाकी उरू नये, अशी कित्येक कुटुंबांची स्थिती होती. येथे बँक बुडण्याचा प्रश्न नव्हता. वचन अक्षरशः पाळले जात होते. तरीही तो अन्याय होता.

‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगार संघटनेने १८७८ च्या आपल्या कार्यक्रमात आठवड्याची मजुरी देशाच्या कायदेशीर चलनात मिळावी, अशी मागणी केली होती. तिच्या सभासदांत कॅथलिक मजुरांची संख्या मोठी होती आणि तिचे नेते टेरेन्स पाउडर्ली हेही कॅथलिक होते. गुप्ततेच्या शपथेमुळे तिच्यावर चर्चने बंदी घालावी असा आग्रह काही धर्माधिकाऱ्यांनी धरला, तेव्हा बाल्टिमोरचे कार्डिनल गिबन्स यांनी १८८७ मध्ये रोमला निवेदन सादर करून तिची बाजू मांडली, आणि ती बंदी टळली. चार वर्षांनी पोप लिओ तेरावे यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक निघाले. गरजेने वा भीतीने नाइलाज होऊन मजूर कठोर अटी मान्य करतो तेव्हा तो बळजबरीचा बळी असतो, असा त्यातील विचार आहे. परिपत्रकात स्क्रिपचा उल्लेख नाही. पण कंपनीच्या दुकानासमोर उभ्या असलेल्या खाणकामगाराची अवस्था या विचारात नेमकी सापडते. १९०१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याचा कायदा उचलून धरला. मजुरीपोटी दिलेल्या चिठ्ठ्या रोखीत वटवून देण्याचे बंधन त्या कायद्याने मालकांवर घातले होते. तरी काही खाणींवर स्क्रिप विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेंगाळली.

आणि तीच स्क्रिप आपत्तीत शेजारधर्माचे साधनही झाली. डिसेंबर १९३१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील टेनिनो या छोट्या गावातील बँक बंद पडली. ठेवीदारांचे पैसे अडकले, बाजार थंडावला. तेथील व्यापारी मंडळाने अडकलेल्या ठेवींच्या काही हिश्शाच्या आधारे चिठ्ठ्या काढल्या. आधी कागदावर, मग लाकडाच्या पातळ चकलांवर. गावातील वृत्तपत्राच्या छापखान्यात त्या छापल्या गेल्या. मार्च १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशातील सर्व बँका काही दिवस बंद ठेवल्या, तेव्हा गावोगाव अशा चिठ्ठ्या निघाल्या. कॅलिफोर्नियातील पिस्मो बीच येथे तर शिंपल्यांवर रक्कम लिहून ते चालविले गेले. २०२० च्या महासाथीत टेनिनोने तोच जुना छापयंत्र पुन्हा चालू केला आणि गरजू रहिवाशांना २५ डॉलरच्या लाकडी नोटा दिल्या. त्या गावच्या दुकानांत चालल्या.

खाणीची चिठ्ठी आणि टेनिनोची चिठ्ठी शेजारी ठेवल्या तर कागद-लाकडाचा भेद गौण वाटतो. दोन्ही कायदेशीर चलनाबाहेरच्या, दोन्ही एकाच गावापुरत्या. भेद आहे तो घेणाऱ्याच्या बाजूने. टेनिनोच्या दुकानदाराला ‘नको’ म्हणता येत होते, आणि तरी त्याने ती घेतली. खाणकामगाराला ‘नको’ म्हणण्याची सोय नव्हती. वचन खरे की खोटे, एवढ्यावरच न्याय ठरत नाही. ते नाकारण्याची मुभा होती काय, हेही पाहावे लागते.

संग्राहकांचे ऋण

या रद्दीला इतिहासाची प्रतिष्ठा मिळाली ती संग्राहकांमुळे. पेनसिल्व्हानियाचे डी. सी. विस्मर यांनी १९२२ पासून ‘न्यूमिस्मॅटिस्ट’ मासिकात राज्यवार याद्या प्रसिद्ध केल्या. १९६१ मध्ये कागदी चलनाच्या संग्राहकांची संस्था स्थापन झाली. जेम्स हॅक्सबी यांची १७८२ ते १८६६ या काळातील बँकनोटांची चार खंडांची सूची १९८८ मध्ये निघाली. मंदीच्या काळातील चिठ्ठ्यांची सूची मिचेल आणि शेफर यांनी १९८४ मध्ये केली. सेंट लुईचे एरिक न्यूमन (१९११ ते २०१७) यांना लहानपणी आजोबांनी एक जुना सेंट दिला होता. तेथून सुरू झालेला अभ्यास एकशे सहा वर्षांच्या आयुष्यभर चालला, आणि त्यांच्या संस्थेच्या देणगीतून उभे राहिलेले नाणकशास्त्राचे ग्रंथभांडार आज सर्वांना विनामूल्य खुले आहे.

नव्या संग्राहकाला अनुभवी मंडळी सांगतात की आधी सह्या पाहा. सही आणि क्रमांक नसलेली नोट म्हणजे छापून पडून राहिलेली, कधीच बाजारात न गेलेली. ती देखणी असते आणि स्वस्त मिळते. चुरगळलेली, घड्या पडलेली, शाई पिवळटलेली नोट मात्र अनेकांच्या हातांतून गेलेली असते. बुडालेल्या बँकेच्या नोटेवरील नाव खरवडून भरवशाच्या बँकेचे नाव घातलेल्या नोटाही जपल्या जातात, कारण फसवणूकही इतिहासच आहे.

पण या छंदातील सर्वांत विलक्षण गोष्ट वेगळीच. ज्या बँकेने वचन पाळले तिच्या नोटा लोकांनी खिडकीशी नेल्या, त्यांचे पैसे मिळाले, आणि बँकेने त्या नष्ट केल्या. म्हणून अशा बँकांच्या नोटा आज फार दुर्मिळ, कित्येकदा एकही उरलेली नाही. ज्या बँकेने फसविले तिच्या नोटा घरोघरच्या पेट्यांत पडून राहिल्या, आणि आज गठ्ठ्यांनी सापडतात. संग्राहकाची वही उघडावी तर पानोपानी दिवाळखोरच भेटतात. त्यावरून त्या काळी सारेच लबाड होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. माणसे आपापल्या आयुष्याचा हिशेब मांडतानाही बहुधा हीच चूक करतात. झालेली फसवणूक कागदासारखी जपली जाते. वेळेवर परत आलेले उसने, दिल्या शब्दाला जागलेला शेजारी यांची नोंद कोठे राहत नाही.

अशा एखाद्या गावी एक खजिनदार असेल. आलेली प्रत्येक नोट त्याने निरखली असेल, चांदी मोजून दिली असेल, आणि संध्याकाळी त्या नोटा शेगडीत घातल्या असतील. त्याची सही आज कोणत्याही वहीत सापडणार नाही.